पेशीपटलातील संदेशवाहक मेद कसे अभ्यासावेत

पदवीच्या वर्गात पेशीपटलाची आकृती काढताना दोन ओळींत गोल मांडले जातात, त्यांना शेपट्या जोडल्या जातात, मधे एक-दोन प्रथिने बसवली जातात आणि मेदांचे काम तेवढ्यावर संपले असे गृहीत धरले जाते. काही पानांनंतर संदेशवहनाचा धडा येतो. त्यात पीआयपी-२, आयपी-३, डीएजी ही नावे बाणांनी जोडलेली असतात आणि विद्यार्थी ती साखळी पाठ करतो. पण ही साखळी आधीच्या आकृतीतल्या त्याच गोलांपैकी एकापासून सुरू होते, हे बहुधा त्याच्या ध्यानात येत नाही. महाड, चिपळूण, रत्नागिरी किंवा सावंतवाडी येथे जीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र अथवा जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना हा विषय पाठांतराशिवाय हाती यावा, यासाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. तिच्यामागे एकच आग्रह आहे: मेदाचा संदेश हा तो रेणू कोठे आहे आणि किती वेळ आहे यावर ठरतो, म्हणून त्याचे नाव लिहिण्याआधी त्याची जागा आणि त्याचा शेवट लिहायला शिकावे.

एकच रेणू निवडून सुरुवात करावी

सर्व संदेशवाहक मेदांची यादी करून अभ्यास सुरू करू नये. पीआयपी-२, म्हणजे फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल ४,५-बिसफॉस्फेट, हा एक रेणू घ्यावा आणि तो वहीच्या पूर्ण पानावर मोठा काढावा. खाली ग्लिसरॉलच्या तीन कार्बनांपैकी दोनांवर मेदाम्ले येतील. सस्तन प्राण्यांत त्यांपैकी पहिल्या जागी बहुधा अठरा कार्बनांचे स्टिअरिक आम्ल असते आणि दुसऱ्या जागी वीस कार्बनांचे व चार दुहेरी बंध असलेले अ‍ॅराकिडोनिक आम्ल असते. तिसऱ्या कार्बनावर फॉस्फेट आणि त्यावर इनॉसिटॉलचे सहा कार्बनांचे कडे येईल. कड्याच्या कार्बनांना १ ते ६ असे क्रमांक घालावेत आणि ४ व ५ या क्रमांकांवर आणखी एकेक फॉस्फेट जोडावे. हे फॉस्फेट पेन्सिलीने काढावेत, कारण पुढे ते वारंवार पुसावे आणि नव्याने जोडावे लागणार आहेत. कड्यावरच्या ३, ४ आणि ५ या तीनच जागांवरील फॉस्फेटांच्या जुळण्यांतून पेशीत सात प्रकारचे फॉस्फोइनॉसिटाइड तयार होतात, आणि प्रत्येकाला ओळखणारी प्रथिने वेगळी असू शकतात.

आता हा रेणू पटलात बसवावा. पटलाची एकूण जाडी सुमारे ५ नॅनोमीटर असते आणि त्याचे दोन थर सारखे नसतात. पीआयपी-२ आतल्या, म्हणजे पेशीद्रवाकडे तोंड केलेल्या थरात असतो, आणि प्रद्रव्यपटलातील (म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पटलातील) फॉस्फोलिपिडांमध्ये त्याचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भरतो. इतक्या थोड्या रेणूंनी एवढी मोठी उलथापालथ कशी घडावी, असा प्रश्न येथे पडायला हवा. उत्तराचा एक भाग विद्युत प्रभारात आहे: फॉस्फॅटिडिलसेरिनच्या शीर्षावर एक ऋण प्रभार असतो, तर पीआयपी-२ च्या शीर्षावर तीन ते चार असतात, त्यामुळे धन प्रभाराचे अमिनो आम्ल बाळगणारी प्रथिने त्याच्याकडे ओढली जातात. उत्तराचा दुसरा भाग असा की हा साठा सतत खर्च होतो आणि सतत भरला जातो. साठ्याचा आकार पाहून त्याचे महत्त्व ठरवू नये, त्याची उलाढाल पाहावी.

ही उलाढाल प्रथम लक्षात आली ती १९५३ मध्ये. मेबल आणि लॉवेल होकिन यांनी कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांना अ‍ॅसिटिलकोलिन दिले, तेव्हा किरणोत्सारी फॉस्फरस फॉस्फोलिपिडांमध्ये अधिक वेगाने शिरताना त्यांना आढळला. १९७५ मध्ये रॉबर्ट मिचेल यांनी या उलाढालीचा संबंध पेशीतील कॅल्शियमशी असावा असे मांडले आणि १९८३ मध्ये स्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्झ यांनी स्वादुपिंडाच्याच पेशींवर आयपी-३ मुळे आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते हे दाखवले. विद्यार्थ्याने या तीन पायऱ्या क्रमाने वाचाव्यात, कारण मेदाची उलाढाल प्रथम दिसली आणि तिचा अर्थ नंतर तीस वर्षांनी पूर्ण उलगडला. आजचे पुस्तक हा क्रम उलटा करून सांगते आणि त्यामुळे पुरावा कोठून आला ते झाकले जाते.

विंचवाच्या दंशावर मार्ग मांडून पाहावा

कोकणातल्या विद्यार्थ्याला या मार्गाचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच तालुक्यात सापडते, आणि ते पाठ्यपुस्तकात नसते याचे मला मनापासून वाईट वाटते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशाचे रुग्ण तपासून १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग मांडला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. प्राझोसिनच्या वापरानंतर गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटून १ टक्क्याच्या आसपास आले. हे औषध नेमके कोठे आडवे येते, हे समजण्यासाठी पीआयपी-२ चा मार्ग पूर्ण मांडावा लागतो. (दंश झाल्यास रुग्णाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे, येथील विवेचन अभ्यासापुरते आहे.)

वहीत डाव्या कडेला मज्जातंतूचे टोक काढावे. विंचवाच्या विषातील पेप्टाइडे सोडियम चॅनलांना वेळेवर मिटू देत नाहीत, त्यामुळे स्वायत्त मज्जातंतू वारंवार उद्दीपित होतात आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा पूर येतो. उजवीकडे लहान रोहिणीच्या भिंतीतील गुळगुळीत स्नायूची पेशी काढावी आणि तिच्या पटलात अल्फा-१ ग्राही बसवावा. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ग्राहीला चिकटले की आतल्या बाजूचे जीक्यू प्रथिन जीटीपी धारण करते आणि फॉस्फोलायपेज-सी-बीटा या विकराला जागे करते. येथे थांबून आपल्या मोठ्या आकृतीवर एक रेघ मारावी: हे विकर ग्लिसरॉल आणि फॉस्फेट यांच्या मधोमध कापते. रेघेच्या वर राहिलेला तुकडा, म्हणजे तीन फॉस्फेटांचे इनॉसिटॉल, पाण्यात विरघळणारा असल्याने पेशीद्रवात निघून जातो. तोच आयपी-३ होय. रेघेच्या खाली राहिलेला डीएजी, म्हणजे डायअसिलग्लिसरॉल, जलविरोधी असल्याने पटलातच अडकून राहतो. एका कापातून निघालेल्या या दोन तुकड्यांच्या वाटा केवळ त्यांच्या विद्राव्यतेमुळे वेगळ्या होतात, आणि ही गोष्ट एकदा आकृतीत पाहिली की पुन्हा पाठ करावी लागत नाही.

आयपी-३ आंतर्द्रव्यजालिकेवरील आपल्या ग्राहीला भेटतो आणि तेथले चॅनल उघडून कॅल्शियम बाहेर सोडतो. विश्रांतीच्या वेळी पेशीद्रवातील मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते, ते वाढून एक मायक्रोमोलरच्या घरात जाते. कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला बांधते, त्यातून मायोसिनच्या हलक्या साखळीला फॉस्फेट जोडणारे विकर जागे होते आणि स्नायू आकुंचन पावतो. इकडे पटलात राहिलेला डीएजी प्रोटीन कायनेज-सी या विकराला पटलाकडे ओढून घेतो. या विकराच्या सी-१ भागाला डीएजी ओळखता येतो, तर सी-२ भाग कॅल्शियमच्या मदतीने फॉस्फॅटिडिलसेरिनला धरतो. म्हणजे दोन्ही तुकड्यांचे परिणाम येथे पुन्हा एकत्र येतात. प्रोटीन कायनेज-सी मायोसिनवरचे फॉस्फेट काढणाऱ्या विकराला अप्रत्यक्षपणे रोखते, त्यामुळे आकुंचन टिकते. गंभीर दंशात हातपाय गार पडतात आणि रक्तदाब चढतो, त्यामागे रोहिण्यांचे हे आकुंचन असते. प्राझोसिन अल्फा-१ ग्राहीची जागा अडवते, म्हणून पीआयपी-२ वरचा पहिला काप होण्याआधीच मार्ग थांबतो. ज्या विद्यार्थ्याला हे औषध आपल्या आकृतीत योग्य जागी लिहिता आले, त्याला मार्ग समजला असे मानायला हरकत नाही.

याच रुग्णाला दरदरून घाम येतो, आणि त्यावरून एक पुढचा प्रश्न वर्गात विचारावा. घामाच्या ग्रंथींना संदेश अ‍ॅसिटिलकोलिन देते, ग्राही एम-३ प्रकारचा असतो, परंतु पेशीच्या आत पुन्हा तेच जीक्यू, तेच फॉस्फोलायपेज-सी आणि तोच पीआयपी-२ आढळतो. मेद एकच असताना एका पेशीत आकुंचन आणि दुसरीत स्राव होतो, कारण पुढचे कॅल्शियम कोणत्या प्रथिनांच्या हाती पडते ते पेशीगणिक वेगळे असते.

संदेश पुसला कसा जातो ते लिहिल्याशिवाय पान उलटू नये

बहुतेक आकृत्या येथे संपतात, आणि माझ्या मते शिकवण्यातला सर्वांत मोठा दोष हाच आहे. खारबंदिस्तीच्या उघाडीचे, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधातील झडपेचे काम ती वेळेवर मिटण्यावर जितके अवलंबून असते तितकेच पेशीतील संदेशाचेही असते. म्हणून प्रत्येक बाणासमोर त्याला पुसणारा दुसरा बाण वेगळ्या रंगाने काढावा. जीक्यू प्रथिन जीटीपीचे विघटन करून निजते, आणि त्याने जागे केलेले फॉस्फोलायपेज-सी-बीटाच हे विघटन वेगाने घडवून आणते. आयपी-३ च्या पाचव्या जागेचे फॉस्फेट काढले की त्याची कॅल्शियम सोडण्याची ताकद जाते. सुटलेले कॅल्शियम पंपांनी पुन्हा साठ्यात किंवा पेशीबाहेर ढकलले जाते. डीएजीला डीएजी-कायनेज एक फॉस्फेट जोडते आणि त्याचे फॉस्फॅटिडिक आम्ल होते.

त्यानंतर भरपाईची वाट येते. फॉस्फॅटिडिक आम्ल प्रद्रव्यपटलातून आंतर्द्रव्यजालिकेकडे जाते; ही दोन पटले जेथे एकमेकांजवळ येतात तेथे काही वाहक प्रथिने एका बाजूने फॉस्फॅटिडिक आम्ल आणि दुसऱ्या बाजूने फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल यांची ने-आण करतात. फळमाशीतील आरडीजीबी हे प्रथिन याच कामाचे असून त्यात बिघाड झाला की माशीच्या डोळ्यातील प्रकाशग्राही पेशी प्रकाशात झिजतात, कारण त्या पेशींत प्रकाशाचा संदेशही पीआयपी-२ कापूनच दिला जातो. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात या माशीवर दीर्घकाळ काम झाले आहे. परत आलेल्या फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉलवर आधी चौथ्या आणि मग पाचव्या जागी फॉस्फेट चढले की वर्तुळ पुरे होते.

न कापलेला पीआयपी-२ देखील बोलतो

कापल्यावरच संदेश निर्माण होतो अशी समजूत करून घेऊ नये. १९९६ मध्ये डोनाल्ड हिल्गेमन आणि रेबेका बॉल यांनी हृदयपेशींच्या पटलातील सोडियम-कॅल्शियम विनिमयक आणि एटीपीला संवेदनशील असलेले पोटॅशियम चॅनल पीआयपी-२ मुळे कार्यरत राहतात हे दाखवले. त्यानंतर अनेक चॅनलांबद्दल तेच आढळले. म्हणून फॉस्फोलायपेज-सी जागे झाले की दोन गोष्टी घडतात: नवे तुकडे तयार होतात आणि मूळ रेणू कमी पडतो. एखादे चॅनल बंद झाले तर त्यामागे यांपैकी कोणते कारण आहे, हे वेगवेगळे तपासावे लागते.

तिसरी वाट कड्याच्या तिसऱ्या जागेवरून जाते. इन्सुलिनच्या ग्राहीने जागे केलेले पीआय-३-कायनेज पीआयपी-२ वर तिसऱ्या जागी फॉस्फेट चढवते; त्यातून पीआयपी-३ होतो आणि त्याला ओळखणारे अ‍ॅक्ट हे प्रथिन पटलाकडे येते, ज्यातून पुढे ग्लुकोज आत घेणारे वाहक पृष्ठभागावर आणले जातात. पीटेन हे विकर तेच फॉस्फेट काढून टाकते. १९९७ मध्ये पीटेनचे जनुक अर्बुदरोधक, म्हणजे कर्करोगाच्या गाठी रोखणारे, म्हणून ओळखले गेले आणि १९९८ मध्ये त्याचे काम एका मेदावरचे फॉस्फेट पुसणे हे आहे असे स्पष्ट झाले. पुसण्याचा बाण काढण्याचा आग्रह का धरावा, याचे याहून गंभीर उदाहरण मला ठाऊक नाही.

इतर मेदांसाठी हीच पद्धत थोडक्यात वापरावी. फॉस्फॅटिडिलसेरिनच्या बाबतीत रेणू बदलत नाही, केवळ बाजू बदलते: एरवी एटीपी खर्च करून आतल्या थरात ठेवलेला हा मेद मरणपंथाला लागलेल्या पेशीत बाहेर येतो आणि भक्षक पेशी त्यावरून तिला ओळखतात, रक्तबिंबिकांत तो बाहेर आला की गोठण्याच्या प्रक्रियेला पृष्ठभाग मिळतो. स्फिंगोसिन-१-फॉस्फेटला पेशीबाहेरून ओळखणारे पाच ग्राही आहेत आणि त्यांवर काम करणारे फिंगोलिमॉड हे औषध २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. फॉस्फोलायपेज-ए-२ दुसऱ्या जागेवरचे मेदाम्ल सोडवते; ते अ‍ॅराकिडोनिक आम्ल असेल तर त्यापासून प्रोस्टाग्लँडिने बनतात, ज्यांची निर्मिती अ‍ॅस्पिरिन रोखते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. बांगडा आणि तारली नियमित खाणाऱ्याच्या पटलात त्या जागी ओमेगा-३ मेदाम्लांचा वाटा वाढतो, म्हणजे संदेशाचा कच्चा माल काही अंशी ताटातून येतो. घोणशीच्या विषातही फॉस्फोलायपेज-ए-२ गटातील विकरे मोठ्या प्रमाणात असतात.

वनस्पतींवर प्राण्यांचा नकाशा लादू नये

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे विशेष सावध राहावे. जमिनीवरील वनस्पतींत प्राण्यांसारखा आयपी-३ ग्राही आढळत नाही, आणि डीएजीचे रूपांतर चटकन फॉस्फॅटिडिक आम्लात होते. त्यामुळे प्राण्यांच्या आकृतीत पुसण्याच्या बाणावर असलेला हा मेद वनस्पतींत स्वतःच प्रमुख संदेश ठरतो. तो आणखी एका वाटेने, म्हणजे फॉस्फोलायपेज-डी या विकराने फॉस्फॅटिडिलकोलिनचे कोलिन तोडल्यावरही तयार होतो. पाण्याचा ताण आणि खारेपणा यांत त्याचे प्रमाण मिनिटांत वाढते. अरॅबिडॉप्सिस या रोपात तो एबीआय-१ या फॉस्फेटेजला, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या विकराला, बांधतो असे २००४ मध्ये दिसले, आणि खारेपणात एमपीके-६ या कायनेजला तो चेतवतो असे २०१० मध्ये दिसले.

खाजणातल्या शेताच्या बांधावर उभे राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना २०१९ चा एक निष्कर्ष अवश्य सांगावा: अरॅबिडॉप्सिसच्या पटलाच्या बाहेरच्या थरातील जीआयपीसी नावाचे स्फिंगोलिपिड सोडियम आयनांना बांधतात आणि त्यातून कॅल्शियम आत येण्याचा मार्ग उघडतो, म्हणजे मीठ आले हे प्रथम मेदाला कळते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून आलेल्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भाताच्या जाती खारेपणा सोसतात. त्यांच्या रोपांवर असा अभ्यास करायचा झाल्यास अरॅबिडॉप्सिसचा निष्कर्ष गृहीत न धरता भाताच्या पटलातील मेद आधी मोजावेत.

कोबी आणि अंड्याचा बलक यांवर एक प्रयोग

फॉस्फोलायपेज-डीचा शोध हनाहन आणि चेकॉफ यांना १९४० च्या दशकात गाजर आणि कोबीतच लागला, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेतही हे विकर हाताळता येते. अंड्याचा बलक थंड अ‍ॅसिटोनने वारंवार धुऊन उरलेला चिकट गोळा घ्यावा. त्यातील मेदांत मुख्यतः लेसिथिन, म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलिन असते. कोबीची आतली फिकट पाने थंड पाण्यात वाटून मलमलीतून गाळावीत आणि अपकेंद्रित करून वरचा निवळ द्रव ठेवावा. अ‍ॅसिटेट बफर (पीएच सुमारे ५.६) आणि सुमारे ४० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड यांत हा द्रव आणि थोड्या ईथरमध्ये विरघळवलेले लेसिथिन मिसळून नळी हलवत ठेवावी. एका नळीत इथेनॉल घालावे, एकीत कॅल्शियमऐवजी ईडीटीए (कॅल्शियमला बांधून ठेवणारे रसायन) घालावे आणि एकीत चांगला दहा मिनिटे उकळलेला कोबीचा द्रव वापरावा. हे विकर उष्णता बऱ्यापैकी सोसते, म्हणून नुसते गरम करून भागत नाही. ईथर पेट घेतो आणि क्लोरोफॉर्मची वाफ अपायकारक असते, त्यामुळे जवळ ज्योत नसावी आणि काम धूरकपाटातच करावे.

नंतर मेद क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये उतरवून सिलिकाच्या पट्टीवर ठिपके द्यावेत, क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी यांचे ६५:२५:४ प्रमाणातील मिश्रण चढू द्यावे आणि आयोडिनच्या वाफेत पट्टी ठेवावी. इथेनॉलच्या नळीत फॉस्फॅटिडिलकोलिनच्या वर एक नवा ठिपका दिसतो. तो फॉस्फॅटिडिलइथेनॉल होय, कारण हे विकर कोलिन तोडल्यावर पाण्याऐवजी अल्कोहोलही जोडू शकते. फॉस्फॅटिडिक आम्ल मात्र या मिश्रणात ओघळत जाते, म्हणून केवळ त्याच्या ठिपक्यावर विसंबू नये. फॉस्फॅटिडिलइथेनॉल शरीरात इथेनॉलशिवाय बनत नसल्याने रक्तातील त्याचे प्रमाण मद्यसेवनाची खूण म्हणूनही तपासले जाते.

शोधनिबंधातील चित्रे तपासून वाचावीत

पदव्युत्तर विद्यार्थ्याला लवकरच अशी चित्रे भेटतील ज्यांत पेशीची कडा हिरवी चमकते आणि औषध दिल्यावर चमक आत पसरते. तेथे फॉस्फोलायपेज-सी-डेल्टा-१ चा पीएच (प्लेक्स्ट्रिन-सदृश) भाग हिरव्या चमकत्या प्रथिनाला जोडलेला असतो आणि तो पीआयपी-२ ला धरून त्याची जागा दाखवणारा दर्शक बनतो. परंतु हाच भाग आयपी-३ ला अधिक घट्ट धरतो. म्हणून चमक आत सरकली याचा अर्थ पटलातील पीआयपी-२ संपला असाही होतो आणि पेशीद्रवात आयपी-३ वाढला असाही होतो. असे चित्र पाहिल्यावर मजकुरात तीन गोष्टी शोधाव्यात: मेदांचे प्रत्यक्ष रासायनिक मापन केले आहे काय, आयपी-३ ला न धरणारा दुसरा दर्शक वापरला आहे काय, आणि पेशीत दर्शकाचे प्रमाण इतके जास्त तर नाही ना की तो स्वतःच मेद झाकून चॅनलांपासून हिरावून घेईल. या तिन्हींचे उत्तर ज्या निबंधात नसेल, त्याचा निष्कर्ष वहीत पेन्सिलीने लिहून ठेवावा.